कमरेएवढं गवत

त्रिंबक फुकट काही देत नाही, हे फुलंब्रीजवळच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी दिवाळी सरल्यावर त्यानं पारावर चारचौघांत धाकट्या भावाच्या विधवेला, सुगंधाबाईला, डोंगराकडचं आपलं कुरण चराईला देऊन टाकलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. गावचे मानकरी नानासाहेब तर म्हणाले, "लई दिलदार मानूस!"

सुगंधाबाईकडे एकच गाय होती, चांदी. माहेराहून कालवड म्हणून आणलेली. नवरा गेल्यावर घर चालायचं ते तिच्या दुधावर. दसऱ्याला त्रिंबकनं ती मागितली होती. सुगंधाबाईनं सरळ सांगितलं होतं, "दादा, काय बी मागा, चांदी नाय."

कुरणात गवत कमरेएवढं उभं होतं. रस्त्यावरून पाहिलं तर डोळे निवावेत. पण ते कुसळी गवत होतं, बी धरून वाळलेलं. वर टोचऱ्या कुसळांचे झुबके, मधे नुसती काडी, आणि पाला असलाच तर पार बुडाशी. चांदी जीभ घालायची, कुसळं टोचली की मान झटकायची. बुडाशी चिमूटभर पाला सापडला तर दोन घास, की पुढं. दिवसभर नुसती चालायची, आणि संध्याकाळी पोट खपाटीला. त्रिंबकच्या गाई मात्र ओढ्याकाठच्या वीतभर दाट, पालेदार मारवेल गवतात एका जागी उभ्या राहून भराभर चरायच्या आणि दुपारी रवंथ करत बसायच्या. त्याला सगळं कळत होतं. जनावरांत जन्म गेला होता मेल्याचा.

दुसरीकडे जावं तर गायरान सोलरवाल्यांनी कधीच कुंपणात घेतलेलं. सुगंधाबाई पारावर गेली.

"नानासाहेब, त्या गवतात खायाला काय बी नाय. गाय उपाशी मरतीय."

सगळे फिदीफिदी हसले. "अगं, त्यात गाय बुडती आख्खी," नानासाहेब म्हणाले. "तुला जनावर सांभाळता येईना, अन् बोल गवताला लावती व्हय?"

त्रिंबक खाली मान घालून बसला होता. चेहऱ्यावर केवढं दुःख! "जाऊ द्या," तो म्हणाला, "बाईमानूस हाय."

चांदीचं दूध आटलं. जिभेत, हिरड्यांत कुसळं रुतून जखमा झाल्या. सुगंधाबाई ती कुसळं बोटांनी उपसायची आणि रडायची. एका सकाळी गाय उठेचना, तेव्हा तिनं स्वतःच निरोप धाडला. "न्या, दादा. जगवा तिला."

गाय दुसऱ्याच्या दावणीला गेली तरी दावं द्यायचं नसतं, ते घरातच ठेवतात. त्रिंबक नवंकोरं दावं खिशात घालूनच आला होता. चौघांनी शेपटीला धरून चांदीला उभं केलं.

संक्रांतीनंतर सुगंधाबाई ओढ्याकडे गेली. चांदी मारवेलात उभी होती. अंग भरलं होतं, घासामागं घास चालला होता.

"चांदे!"

या हाकेला ती कुठूनही हंबरत यायची. आता नुसता कान हलला. मान वर झाली नाही. सुगंधाबाईनं पुन्हा हाक मारली नाही.

बांधावरून त्रिंबक हसला. "बघ, कशी चरतीय. सारा गाव म्हनतो, दादानं गाय वाचवली."

ती वळली. मागून तो मायेनं म्हणाला, "अन् डोंगराकडचं कुरन तुजंच हाय हां. दिलेलं मी माघारी घेत नाय."