स्वतःच्या शब्दांत विषाणू

ग्रंथपालाने तिचा प्रबंध काउंटरवरून परत सरकवला आणि वर लाल शिक्क्याचा कागद ठेवला.

"ताई, एकेचाळीस टक्के चोरी निघाली. दहाच्या वर चालत नाही."

"चोरी? कुठली?"

त्याने परिशिष्ट उघडलं. विषाणूच्या आरएनएची सगळी दहा हजार अक्षरं चोरी पकडणाऱ्या यंत्राने पिवळी करून टाकली होती. ए, यू, जी, सी. चारच अक्षरं, पानंच्या पानं.

"हे जसंच्या तसं दुसऱ्यांच्या पेपरात आहे."

"असणारच. विषाणू एकच आहे, काका."

"मग स्वतःच्या शब्दांत लिहा ना. आणि हे ए बघा किती झालेत. थोडे सी टाका मधेमधे."

तिची कानशिलं तापली. सहा वर्षं तिने हेच तर मोजलं होतं. या विषाणूत ए भरमसाट, सी नावापुरते, आणि त्या प्रमाणावरच त्याचा धागा नेमक्या जागी दुमडून केसांच्या पिनेसारखा होतो. तिथलं एखादं अक्षर हललं तरी घडी मोडते.

"तुमचा फोन नंबर दुसऱ्याच्या डायरीत सापडला, तर तुम्ही नंबर बदलाल?"

"नंबर कंपनी देते. तुम्ही विषाणूच्या कंपनीचं पत्र आणा," तो शांतपणे म्हणाला. "पाचला खिडकी बंद. उद्या तुमची नोंदणीच संपतेय."

तीन जिने चढून ती मार्गदर्शक सरांच्या खोलीत शिरली. सर सफरचंद कापत होते. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सर पोट धरून हसले.

"अगं, बदल चार-दोन अक्षरं आणि हो मोकळी."

"घडी मोडेल, सर."

"कागदावर कसली घडी? परिशिष्ट वाचतं कोण? माझ्या वेळी हे यंत्र नवंच आलं होतं. मीही माझ्या प्रबंधात केली थोडी अक्षरं इकडची तिकडे. बारा वर्षांत कुणाला कळलंय?"

तिची पहिली दोन वर्षं सरांच्याच प्रबंधातल्या अक्षरांवरून आरएनए बनवण्यात गेली होती. तो धागा एकदाही दुमडला नव्हता. "तुझ्या हातालाच वळण नाही," असं सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, आणि त्या दिवशी तिने आईला फोन करून 'सोडते मी हे सगळं' म्हणून सांगितलं होतं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने खुर्ची ओढली, कोरा कागद पुढ्यात घेतला, पेनाचं टोपण काढलं.

"अगं, बसतेस काय? घाई आहे ना तुला?" सरांनी एक फोड पुढे केली.

"आहे. पण आधी सांगा, सर. तुम्ही कुठली कुठली अक्षरं बदललीत?"