फुकटचा चार्जर

चार्जर बसवायच्या जागेची पाहणी करायला आलेल्या महेशने मापाच्या टेपचं टोक किशोररावांच्या हातात दिलं आणि तो मीटरच्या पेटीपासून मागे मागे चालत निघाला. न्हाणीघराच्या भिंतीला लागून, तुळशीला वळसा घालून, जिन्याखालून तो थेट पोर्चमध्ये पोहोचला आणि तिथून ओरडला,

"सर, एकतीस मीटर!"

"लिहून घ्या," किशोरराव मजेत म्हणाले. एकतीस काय नि एकशे एकतीस काय, चार्जर फुकट होता. शोरूममधल्या माणसाने तसं तीनदा सांगितलं होतं आणि किशोररावांनी चौथ्यांदा त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. पेठ नाक्यावर बावीस वर्षं ठिबकच्या नळ्या विकणारा माणूस. त्याला कोणी सहजासहजी गुंडाळू शकत नसे. निदान त्याचा स्वतःचा तसा समज होता. दसऱ्याला गाडी दारात येणार होती. मखमलाबाद रोडवरच्या त्यांच्या गल्लीतली विजेवर चालणारी पहिली गाडी, आणि ही गोष्ट ठाऊक नाही असं गल्लीत कोणी उरलं नव्हतं.

महेश पायरीवर बसला. मोबाईलवर थोडा वेळ हिशेब करून त्याने स्क्रीन त्यांच्यापुढे धरला. एकावन्न हजार आठशे.

किशोररावांचे डोळे पांढरे झाले.

"हे काय आहे?"

"एस्टिमेट, सर."

"अहो, पण चार्जर फुकट आहे ना?"

"चार्जर फुकटच हाय. सोबत दहा मीटर वायर बी फुकट. वरच्या एकवीस मीटरचे पैसे. मग पेटी, फरशी उकरून परत बसवायची, लोड वाढवून घ्यायचा..." महेश सायखेड्याचा. आकडे सांगताना त्याचा आवाज फार मवाळ होई; बहुधा रोजच कोणीतरी त्याच्यावर ओरडत असावं.

"म्हणजे कोंबडी फुकट आणि मसाला पन्नास हजारांचा!"

दारात उभी असलेली पल्लवी हसली. चोवीस वर्षांची त्यांची ही मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती आणि गाडीचा रंग तिनेच निवडला होता. आत स्वयंपाकघरात तिची आई, ललिता, फरशी पुसत होती. 

किशोररावांनी कंबर कसली. वायर अ‍ॅल्युमिनियमची चालणार नाही का? नाही. पेटी थोडी साधी? नाही. फरशी मी माझ्या माणसांकडून उकरून घेतो. चालेल. साडेसहा हजार तिथे सुटले आणि त्यांचा हुरूप वाढला. यादीवरून बोट खाली नेत ते शेवटच्या ओळीवर थांबले.

"अर्थिंग, साडेनऊ हजार. हे उडवा. आमच्या घराला अर्थिंग आहे."

"हाय का?"

"सगळ्या सॉकेटना तीन भोकं आहेत की."

"भोकं सगळीकडंच असतात, सर," महेश म्हणाला. "अर्थिंग म्हणजे चुकार करंटला जमिनीत जायची वाट. ती नसली तर चार्जर लाल दिवा दाखवून गप बसतो. चेक करू का?"

सगळ्यात जवळचं सॉकेट स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी होतं. ललिता बादली घेऊन बाजूला झाली. महेशने पिशवीतला बल्ब काढून त्याच्या दोन वायरी सॉकेटमध्ये खुपसल्या. बल्ब पेटला. मग त्यातली एक वायर काढून त्याने वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब पेटला नाही. त्याने दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून पाहिली. तिथेही नाही.

"नाय, सर. घराला अर्थिंग नाय."

दोन्ही सॉकेट जुनी झाली असतील, असं किशोरराव सांगू लागले. तेवढ्यात ललिताने मध्येच विचारलं,

"अर्थिंग नसलं की काय होतं?"

"गाडीला काय होत नाय, काकू. चार्जरला आपोआप कळतं, तो चालूच होत नाय."

"आणि फ्रीजला?"

"फ्रीजला कुठलं कळतंय? तो चालत राहतो. फक्त त्याच्या बॉडीवर करंट उतरतो." महेशने खिशातला टेस्टर काढून फ्रीजच्या दाराच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. मग त्याने पिशवीतून व्होल्ट मोजायचं मीटर काढलं, फ्रीजला लावलं, मागच्या दारातल्या कपडे धुण्याच्या मशीनला लावलं, आणि दोन्हीकडे आकडा शंभराच्या वर गेला. त्याने वळून विचारलं,

"तुमच्यात कुणाला शॉक नाय लागत?"

 ह्या घरात शॉक एकाच माणसाला लागत असे, आणि तो लागतो ही घरातली सर्वांत जुनी थट्टा होती. "आमच्या हिचं आणि फ्रीजचं मागच्या जन्मीचं वैर आहे," हे वाक्य किशोररावांनी किती लग्नांत, किती बारशांत ऐकवलं असेल याची गणती नव्हती. लोक हसत. ललिताही हसे, कारण नाहीतर करायचं काय? किशोररावांना स्वतःला कधी लागला नव्हता. टाच दुखते म्हणून ते घरातही रबरी चपला घालत आणि फ्रीजच्या मुठीला कापडी आवरण होतं. फ्रीज पुसायचा, मशीनमधून ओले कपडे काढायचे, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं, ही सगळी कामं तिची.

"चावतो," असं ती ह्या घरात आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं म्हणत राहिली. एका डॉक्टरांनी नसा अशक्त आहेत म्हणून बारा इंजेक्शनं दिली. दुसऱ्या डॉक्टरांना किशोररावांनी सगळी हकीकत आधीच हसत हसत सांगितली. त्यांनी तिला मन रमवायला सांगितलं आणि झोपताना घ्यायची एक पांढरी गोळी लिहून दिली. ती गोळी तिने वर्षभर घेतली. पल्लवीचं दहावीचं वर्ष ते. सकाळी ललिताला डोळे उघडता येत नसत आणि पोर बिस्किटं खाऊन पेपरला जाई. पुढे ललिताने चावतो म्हणायचं सोडून दिलं. आपल्यातच काहीतरी बिघडलंय, हे तिने मान्य करून टाकलं होतं.

महेश बाहेर जाऊन मीटरची पेटी उघडून आला.

"हिरवी वायर घरभर फिरवलीय, सर. पण जमिनीत नेलीच नाय. तिथं पेटीत टेप गुंडाळून सोडून दिलीय. म्हणून एका वस्तूचा करंट सगळ्या वस्तूंच्या अंगावर येतोय."

"असं कोण करतं?" पल्लवीने विचारलं.

किशोररावांना घर बांधतानाचा फकिरा वायरमन आठवला. कुंपणापाशी कुदळ टेकवून तो उभा होता आणि सांगत होता, शेठ, खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ धरून बावीसशे होतील. तेव्हा घराचा खर्च हाताबाहेर चालला होता. राहू दे, नंतर बघू, असं त्याला सांगून ते स्लॅबला पाणी मारायला वर गेले होते. बावीसशे वाचले म्हणून त्या दिवशी ते खूश होते, हेही त्यांना आठवलं. 

"त्या वायरमनने..." ते म्हणाले आणि थांबले. "नाही. मीच नको म्हटलं होतं त्याला."

त्यांनी चपला काढल्या. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर दोन्ही पाय ठेवले आणि फ्रीजच्या बाजूला तळहात लावला. हात झटक्यात मागे आला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या होत्या. ते तळहाताकडे पाहत राहिले.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," ललिता म्हणाली.

किशोररावांना फार लाज वाटली. इतकी, की ती झाकण्यासाठी ते भराभर बोलू लागले.

"महेश, आधी घराचं अर्थिंग करा. आजच्या आज. काय लागेल ते लागू दे, विचारू नका. गाडीचं मागाहून बघू. गाडी थांबेल."

"आणि गाडी घेतलीच नसती तर?" ललिताने विचारलं.

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ पडलंय का, असं विचारावं तसंच तिने विचारलं होतं.   महेश खाली मान घालून मीटरच्या वायरी गुंडाळत बसला.

"आई," पल्लवी म्हणाली. ती फ्रीजजवळ उभी होती, आणि तिचेही पाय अनवाणी होते. "मलाही लागायचा."

ललिताने बादली खाली ठेवली.

"कधी?"

"दहावीत. तू झोपलेली असायचीस. मी फ्रीजमधलं दूध तापवायला घ्यायचे, तेव्हा हात ओला असला की लागायचा."

"मग बोलली का नाहीस?" किशोरराव जवळजवळ ओरडलेच. इतक्या वेळात पहिल्यांदा चूक दुसऱ्या कोणाची तरी निघत होती. "एक शब्द बोलली असतीस तर..."

पल्लवीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती आईकडेच पाहत होती.

"तुझ्या गोळ्या चालू होत्या," ती म्हणाली. "मला वाटलं, सांगितलं तर मलाही सुरू करतील."

मागच्या दारात मशीन धुता धुता थांबलं आणि पुन्हा फिरू लागलं. ललिता पुढे झाली. तिने पल्लवीचा दंड धरला आणि तिला फ्रीजपासून दोन पावलं मागे ओढून घेतलं.