दाराशी शिंपला होता

मी एक जुनी घरगाडी आहे. पुढून पाहिलं तर साधी मोटार, आत शिरलात तर दोन माणसांचा संसार: पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि भिंतीत दुमडून बसणारं टेबल. मित्रांनो, माझ्यासारखी दुसरी गाडी आता तुम्हाला कुठेही सापडणार नाही. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या एका लहानशा कारखान्यात आम्ही मोजक्या बहिणी जन्मलो आणि लगेच कारखाना बुडाला. बाकीच्या गंजून भंगारात गेल्या, मी तेवढी उरले. यात माझा काही पराक्रम नाही. मी उरले ती कोंबड्यांमुळे, पण ते पुढे येईलच.

मला पहिल्यांदा घेतलं विल्फ हेब्डनने. तो पोस्टमन होता. त्याची बायको नोरा हिची नजर तेव्हा उतरणीला लागली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर हिला समुद्र पोटभर दाखवायचा, एवढ्यासाठी विल्फने मला घरी आणलं. सुट्टी मिळाली की आम्ही व्हिट्बीच्या किनाऱ्याच्या वाटेला लागायचो. नोरा खिडकीशी बसायची आणि दिसेल ते मोठ्याने सांगत राहायची, जणू काही तीच विल्फला दाखवत होती.

मग एका उन्हाळ्यात तिचं सांगणं थांबलं. पुढच्या सहलीला ती नको म्हणाली. गाडीत ठेचकाळत फिरायचं, चहा सांडायचा, त्यापेक्षा मी घरी बरी, असं तिचं म्हणणं. विल्फने वाद घातला नाही. तो एक लाकडाची पट्टी घेऊन आला आणि पलंगापासून दारापर्यंत, तिच्या कमरेच्या उंचीवर, त्याने माझ्या भिंतीला एक दांडी ठोकली. सुतारकाम त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं आणि ते लगेच कळत होतं. दांडी वाकडी होती. पण तिच्यावर त्याने तीन खुणा बसवल्या होत्या. पलंगाशी आपल्या जुन्या विजारीच्या खरबरीत, रेघारेघांच्या कॉर्डुरॉय कापडाची पट्टी, शेगडीशी पोस्टाच्या कोटाचं पितळी बटण आणि दाराशी किनाऱ्यावर मिळालेला शिंपला.

त्याने तिचा हात धरून दांडीवरून फिरवला.

"बटण लागलं की शेगडी आली. तिथे जपून."

"आणि हा शिंपला?"

"शिंपला लागला की पुढे पायरी. आणि पायरीवर मी."

त्यानंतर किती वर्षं आम्ही हिंडलो! नोरा माझ्या पोटात अशी वावरायची, की शेजारी तंबू ठोकलेल्या लोकांना ती आंधळी आहे हे दोन-दोन दिवस कळायचं नाही. सकाळी ती बेकन परतायची, किटली चढवायची, दोन कप घेऊन दाराशी यायची. कोपराने शिंपला चाचपायची आणि एक कप खाली धरायची. तो कप घ्यायला विल्फ नेहमी पायरीवर असायचा. तिच्या हाताच्या घासण्याने त्या ओबडधोबड लाकडाला हळूहळू लोण्यासारखा मऊपणा आला. माझ्या सगळ्या अंगात मला तीच जागा जास्त आवडायची.

एका हिवाळ्यात विल्फ गेला. नोराला गाडी चालवता येणार नव्हती. तिने मला सग्डन नावाच्या शेतकऱ्याला देऊन टाकलं आणि जाताना एकच गोष्ट मागितली, आतली दांडी काढू नका. सग्डन शब्दाला पक्का होता. त्याने दांडीला हात लावला नाही. फक्त माझ्यात कोंबड्या सोडल्या. रात्री त्या सगळ्या दांडीवर ओळीने बसत. त्या भिजू नयेत म्हणून तो दरवर्षी माझ्या छताला डांबर फासायचा, म्हणून मी कुजले नाही. पण बटण आणि शिंपला कोंबड्यांच्या घाणीखाली गाडले गेले. सग्डनही गेला. त्याच्या मुलाला ती कोंबड्यांची दांडी, एवढंच ठाऊक होतं.

आणि एके दिवशी क्लाइव्ह ऑर्मरॉड अंडी घ्यायला आला.

हा क्लाइव्ह म्हणजे आयुष्यभर कारखान्यांसाठी नकाशे काढलेला आणि नुकताच निवृत्त झालेला माणूस. अंडी बाजूला राहिली. तो खाजऱ्या झुडपांतून वाट काढत माझ्यापर्यंत आला, नखाने माझ्या कपाळावरचा रंग खरवडला आणि कारखान्याच्या नावाची पट्टी दिसताच मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला पाहून रडलं, तेव्हा मी त्याच्यावर जीव टाकला, हे मी लपवणार नाही.

सग्डनच्या मुलाकडून त्याने मला विकत घेतलं आणि माझ्या जन्माची माहिती शोधायला लागला. जुन्या गाड्यांच्या मंडळात विचारणा केली, कारखान्यातले हयात म्हातारे गाठून त्यांच्याबरोबर चहा प्यायला, शेवटी माझं मूळ माहितीपत्रकसुद्धा मिळवलं. मी जन्मले त्या दिवशी जशी होते तशी मला पुन्हा उभी करायची, हे त्याने मनाशी ठरवलं. माहितीपत्रकात आहे ते ठेवायचं, नाही ते काढायचं. "मूळचं नाही" असं म्हणायचा आणि काढून टाकायचा. दांडीपाशी आला तेव्हाही तेच म्हणाला. माणूस शिस्तीचा, म्हणून आधी तिचे फोटो घेतले, मग पहार घातली. दांडी भिंतीतून निघताना जो आवाज झाला तो मी अजून विसरलेले नाही.

आमच्याकडे पाच नोव्हेंबरला गावोगाव मोठा जाळ करतात आणि त्यासाठी घरोघरचं मोडकं लाकूड जमवतात. माझी दांडी त्या ढिगावर गेली. गावातली मुलं टाळ्या पिटत होती. त्यांची काही चूक नव्हती.

मी झळाळून उठले. प्रदर्शनात मला चषक मिळाला, लोकांनी माझ्याभोवती गर्दी केली. आता फक्त एक गोष्ट राहिली, असं क्लाइव्हला वाटलं, आणि तेव्हा कुठे त्याने वर्तमानपत्रात माझा फोटो देऊन विचारलं, की ही गाडी पूर्वी कुणाकडे होती?

नोराच्या भाचीने, डोरीनने, ते वाचलं. नोरा आता वृद्धाश्रमात होती. ऐकल्यापासून तिने एकच धोशा लावला, मला तिथे घेऊन चल, मला एकदा आत बसायचंय. तिला पायरीपर्यंत आणेस्तोवर डोरीनला घाम फुटला. क्लाइव्हने छान इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टेबलावर केक मांडला होता.

नोराने पाय उचलला. पायरी तिला बरोबर सापडली. आत येताच तिने डावा हात बाजूला नेला, न शोधता, अगदी सवयीने. हात गुळगुळीत भिंतीवरून घसरला. तिने पुन्हा वर, खाली चाचपलं. नोरा, मीच आहे गं, असं मला सांगायचं होतं. पण मला कुठून वाचा असणार?

"ही आमची नव्हे," ती म्हणाली. "आमच्या गाडीत दांडी होती, बाळा. दाराशी शिंपला होता, शेगडीशी विल्फचं बटण होतं. त्या शेतकऱ्याने मला शब्द दिला होता."

डोरीनने बाहेरच्या नंबराच्या पाटीकडे पाहिलं, मग क्लाइव्हकडे. नंबर तोच होता.

"बरोबर आहे, आजी," क्लाइव्ह म्हणाला. "माझीच चूक झाली. ती गाडी दुसरी असणार."

"म्हणजे ती अजून कुठेतरी असेल."

"असेल ना."

नोराने मान हलवली. उतरताना ती म्हणाली, "पायरी मात्र हुबेहूब आमच्यासारखी आहे हो." केक तसाच राहिला.

त्या हिवाळ्यात क्लाइव्हने फोटो समोर ठेवून नवी दांडी केली. फोटोत नुसते घाणीने माखलेले उंचवटे दिसत होते, त्यावरून त्याने अंतरं काढली. मुद्दाम वाकडी केली. शिंपला व्हिट्बीहून आणला, बटण जुन्या बाजारातून. पण नोराला बोलावणार कसा? ती गाडी ही नव्हे, असं त्यानेच सांगितलं होतं. वसंत यायच्या आत ती गेली.

पुढच्या प्रदर्शनात परीक्षक दांडीपाशी थबकले. ही मूळची नाही, गुण कापावे लागतील, असं म्हणाले.

"कापा," क्लाइव्ह म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी, मळकी, वेडीवाकडी वस्तू असेल तर ती घासायला घेण्याआधी, ती कुणाच्या हातातली होती ते विचारा. त्या माणसाला आधी शोधा. मी आता खूप सुंदर दिसते, सगळे तसंच म्हणतात. दाराशी शिंपलाही आहे. येणारी मुलं त्याला हात लावतात, हसतात आणि खाली उड्या मारतात. पायरीवर कोण बसायचं, ते त्यांना कुठून कळणार?