नानाच्या वंशावळीतली ओळ

बिल्किस आखातात, सीफच्या एका मॉलमध्ये अल्टरेशनच्या दुकानात कामाला होती. दिवसभर अबाया आखूड करायच्या, पॅन्टींच्या चेन बदलायच्या आणि गिऱ्हाइकांचं 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, लवकर' ऐकायचं. एकोणपन्नासाव्या वर्षी तिची पाठ रोज संध्याकाळी तक्रार करायची. त्यात गेली तीन वर्षं तिने आणखी एक काम अंगावर घेतलं होतं, आणि त्याला ना पगार होता ना सुट्टी. ती आपल्या नानाला, म्हणजे आईच्या वडिलांना शोधत होती.

नाना चिनी होता. रत्नागिरीच्या आसपासच्या गावांतून खांद्यावर रेशमी कापडाचं गाठोडं घेऊन फिरायचा. कलमा पढून त्याने नानीशी निकाह लावला आणि तिथलाच होऊन गेला. बासष्ट साली चीनशी लढाई पेटली, तेव्हा पोलीस त्याला घेऊन गेले. राजस्थानातल्या छावणीत ठेवलाय एवढं कळलं, आणि पुढे काहीच कळलं नाही. बिल्किसची अम्मा तेव्हा आठ वर्षांची होती.

तीन वर्षांपूर्वी अम्माला हार्ट अटॅक येऊन गेला. इस्पितळातून घरी आल्यावर तिने फोन केला आणि तब्येतीचं काही न बोलता म्हणाली, "बिल्किस, तुझी पोरगी कंप्युटर शिकलेली हाय. माझा बा कुठं गेला, तेवढं बघ गो."

पोरगी म्हणजे लाईबा. ती सखीरच्या युनिव्हर्सिटीत शिकत होती. तिने दिल्लीला अर्ज केले, मेल पाठवले. एका ऑफिसने दुसऱ्या ऑफिसचा पत्ता दिला आणि दुसऱ्याने पहिल्याचा. दीड वर्षाने उत्तर आलं, रेकॉर्ड उपलब्ध नाही.

"मम्मी, देअर इज नथिंग. लेट इट गो," लाईबा म्हणाली.

बिल्किसचा नवरा अमीर, अस्कर भागातल्या कारखान्यांच्या कामगारांना ने-आण करणारी बस चालवायचा. शिफ्टवरून आला की त्याचे डोळे मिटत असायचे. तोही म्हणाला, "साठ वर्षं झाली. माणूस असेल का आता? कशाला जीव आटवतेस?"

त्या दोघांचं चुकत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण अम्मा दर जुम्म्याला विचारायची, "लागला काय पत्ता?" आणि 'नाही' म्हणायला तिला शिलाईपेक्षा जास्त कष्ट पडायचे.

मग गावाहून येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर अम्माने एक कागद पाठवला. परदेशी माणसाला पोलिसात नाव नोंदवावं लागायचं, त्याचा तो जुना दाखला होता. फोटोतला चेहरा पुसट झाला होता, पण खाली नानाने स्वतःच्या हाताने केलेली चिनी अक्षरांतली सही होती, आणि तिच्या शेजारी त्याच अक्षरांत आणखी एक ओळ.

बिल्किस दुकानासाठी चेन आणि अस्तर आणायला चिनी मार्केटमध्ये जायची. तिथे पडद्यांचं कापड विकणाऱ्या फांग बाई होत्या. हिंदी, इंग्रजी आणि अरबी एकत्र करून बोलायच्या. बिल्किसने भीतभीत कागद पुढे केला. फांग बाईंनी चष्मा चढवला, आणि अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवलं.

"ये नाम है," त्या म्हणाल्या. "और ये गाव. हूबेई प्रांत. तेरा कौन?"

"मेरा नाना."

फांग बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, जणू अंधुक फोटोतलं काही तिथे सापडतंय का ते बघत होत्या. मग स्टूल ओढून म्हणाल्या, "सिट, सिस्टर."

हरवलेली माणसं शोधायला चीनमध्ये एक साइट होती. त्यांनी कागदाचा फोटो तिथे टाकला. उत्तर यायला आठ महिने लागले. त्या गावातल्या नव्हे, दक्षिणेकडच्या एका सरकारी शेतमळ्यावरच्या माणसाने ते लिहिलं होतं. नाना त्रेसष्ट साली छावणीतून जहाजाने चीनला गेला होता. त्याला त्या मळ्यावर ठेवलं. तिथे त्याने दुसरं लग्न केलं, दोन मुलगे झाले. सत्त्याऐंशी साली तो वारला. लिहिणारा माणूस त्याचा थोरला मुलगा होता. त्याने घराण्याच्या वंशावळीतल्या एका पानाचा फोटो जोडला होता.

शुक्रवारी सकाळी फांग बाईंनी ते पान वाचून दाखवलं. नानाचे आजोबा, वडील, मग नानाचं नाव. त्याच्यापुढे दोन बायका लिहिलेल्या होत्या. पहिलीच्या ओळीवर फांग बाईंचं बोट थांबलं.

"क्या लिखा है?" बिल्किसने विचारलं.

"सिस्टर, लिखा है, फर्स्ट वाइफ, इंडियन. मर गयी. एक बेटी. छोटी थी, वो भी मर गयी."

बिल्किस उठली. आभार मानायचंही तिला सुचलं नाही. घरी जाईपर्यंत बसच्या खिडकीतून तिला काही दिसत नव्हतं. जिवंत बायको आणि जिवंत मुलगी, आणि या माणसाने त्यांना पुस्तकात मारून टाकलं! सुखाने दुसरा संसार मांडता यावा म्हणून? हे अम्माला सांगायचं तरी कसं? पत्ता लागला नाही म्हणावं, झालं. तिने तसंच ठरवलं.

दुपारी व्हिडिओ कॉल लागला. अम्मा पलंगावर उशीला टेकून बसली होती. बिल्किसने तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "काय झालं? तुझं तोंड बघ कसं झालंय."

आणि बिल्किसला खोटं बोलायचीही ताकद उरली नाही. तिने सगळं सांगितलं. शेवटची ओळसुद्धा.

अम्मा उशीवरून सरळ होऊन बसली.

"म्हणजे कार्ड त्याला पोचलं," अम्मा म्हणाली.

"कसलं कार्ड?"

"छावणीतनं त्याचं कार्ड आलं व्हतं. दुसऱ्याकडनं हिंदीत लिहून घेतलेलं. जहाज येणार हाय, तुम्ही दोघी आलात तर एकत्र जाऊ, नायतर मी जात नाय, हितंच थांबतो, असं. पोलीस रोज दारात. मोठ्या मामूला नोकरीवरनं काढायची धमकी दिलेली. नानी रडत बसली. मामूनं दुसऱ्या कार्डावर त्याला जबाब लिहिला. मायलेकी तापानं वारल्या, परत पत्र टाकू नका." अम्माने श्वास घेतला. "मी तिथंच उभी व्हते. मामूनं कार्ड माझ्या हातात दिलं नि पेटीत टाकून ये म्हणाला. मी टाकून आले."

"अम्मा, तू आठ वर्षांची होतीस."

"वाचता येत व्हतं मला."

साठ वर्षं ही बाई ते मनात घेऊन बसली होती, आणि तीन वर्षं दर जुम्म्याला विचारत होती ते यासाठी.

"लोक म्हणायचे, चिनी पळाला, टाकून गेला," अम्मा म्हणाली. "मला म्हायत व्हतं तसं नाय. पण तोंड उघडलं नाय. आता त्याच्या पोराला कळव. म्हणावं, तुझ्या बापानं खोटं लिहिलं नाय. त्याला आम्ही खोटं सांगितलं."

पुढच्या शुक्रवारी बिल्किस पुन्हा चिनी मार्केटमध्ये गेली. ती सांगत गेली आणि फांग बाई फोनवर लिहीत गेल्या. मध्ये एकदा त्या थांबल्या, पडद्याच्या कापडाने डोळे पुसले आणि पुन्हा लिहायला लागल्या.

"और कुछ?"

विचारायचं खूप होतं. नाना रेशीम कसं विकायचा, कोकणचं काही बोलायचा का, नमाज पढायचा का. पण बिल्किस इतकी थकली होती की एकही प्रश्न धड जुळेना.

"खलास," ती म्हणाली.

उत्तर त्या दुकानातच, तासाभरात आलं. मुलगाही साठीकडे झुकलेला होता. वडील दर वर्षी एका दिवशी जेवायचे नाहीत, का ते कधी सांगायचे नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. वंशावळ पुन्हा कधी छापतील ते माहीत नाही, पण आपल्या प्रतीत तो ओळ हाताने दुरुस्त करणार होता. बहिणीचं नाव काय, असं त्याने विचारलं होतं.

"खैरुन्निसा," बिल्किस म्हणाली.

फांग बाईंना ते जिभेवर बसेना. त्यांनी तिला चार वेळा म्हणायला लावलं आणि आवाजाला जुळणारी अक्षरं शोधत बसल्या. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तर त्याला हातानेच थांबवलं. बिल्किसला मॉलमधलं दुकान उघडायला उशीर होत होता, मालकाचे दोन कॉल येऊन गेले होते. बिल्किस स्टुलावर बसून राहिली आणि पाचव्यांदा, सावकाश, एकेक अक्षर तोडून आईचं नाव सांगू लागली.