आधी शेवटचा बांध

भानुदासचे माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे, आणि सर्वांत जास्त हेवा मी त्याचाच केला. डोळे मिटले की त्याचा हात दिसतो: उन्हाने तांबूस झालेला, नखांत ओली माती धरलेला, आणि तरीही वहीवर उतरताना पुणतांब्याच्या घाटाशी गोदावरी संथ होते तसा संथ.

शाळेत आम्ही एकाच वर्गात. गणितात कंस उघडला की तो मिटता कंसही लगेच काढून ठेवी. मधल्या पांढऱ्या जागेत मग सावकाश आकडे भरी. माझे कंस उघडेच राहत. "भान्याचं बघ," मास्तर म्हणत, "तुझा कंस म्हंजे बिनझाकणाचा डबा, लेका!" वर्ग हसे. भानुदास हसत नसे, आणि तेच मला जास्त लागे.

एकदा तो उसाला पाणी देत असताना मी विचारले, हे तुला कोणी शिकवले?

"त्यात शिकवायचं काय? आदी वाफ्याचा शेवटचा बांध घालायचा, मंग पाटाचं दार फोडायचं. न्हाई तर पानी लोकाच्या रानात!"

अकरावीनंतर त्याचे वडील गेले, म्हणून तो त्या उसातच राहिला. मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि एकाहत्तर साली मुंबईच्या एका संस्थेत संगणकावर बसलो. तिथे लिस्प नावाची भाषा होती. तीत सारेच कंसांत, कंसाच्या पोटात पुन्हा कंस. एक मिटवायचा राहिला की सगळा दिवस वाया. मी मजकूर दुरुस्त करणारा एक प्रोग्रॅम लिहिला: उघडत्या कंसासोबत मिटताही यावा, आतले हलवायचे तर जोडीसकट हलावे. साहेब खूश झाले.

"कुठून सुचलं हो तुम्हाला?"

"असंच," मी म्हणालो. एक नाव जिभेवर आले होते. मत्सराने ते गिळले.

परवा त्याला पत्र टाकले:

"प्रिय भानुदास,

तुझी रीत इथे माझ्या नावावर चालली होती. आज साहेबांना खरं सांगितलं. 'कोणत्या कॉलेजचे?' त्यांनी विचारलं. म्हटलं, उसातले. त्यांनी तुझं नाव कागदावर लिहून घेतलं. वाटलं होतं, हलकं होईल. पण मी पुन्हा शाळेतल्या त्याच बाकावर जळत बसलो. वर्षं गेली, तू समोर नाहीस, तरी तू सोडायचास ती पांढरी जागा अजून दिसते. खाली एक जोडी काढली आहे. आत काय भरायचं ते तू भर. शिव्या असल्या तरी चालतील.

(          )"