आजोबा होते

नववीच्या इंग्रजीचे सर नवे होते आणि त्यांना शिकवण्याची हौस होती. व्याकरण पुस्तकातून शिकू नये, आयुष्यातून शिकावं, असं त्यांचं मत होतं. म्हणून साधा भूतकाळ शिकवून झाल्यावर त्यांनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला : घरातली एक व्यक्ती. दोन पानं लिहायची, वर त्या व्यक्तीचा फोटो चिकटवायचा आणि अट एकच, सगळी क्रियापदं भूतकाळात हवीत. वर्तमानकाळातलं क्रियापद दिसलं की एक मार्क कापणार.

"सर, पण ती व्यक्ती आत्ता घरात बसलेली असेल तर?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"व्याकरणाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही," सर म्हणाले.

त्या वर्गात एक मुलगी होती. तीन बहिणींतली दुसरी, म्हणून हजेरीपट सोडला तर तिला सगळीकडे मधलीच म्हणत. मधली सांगितलं तेवढं आणि सांगितलं तसं करणारी होती. तिने निबंधासाठी आजोबांना निवडलं, कारण लिहायला बसली तेव्हा ते समोरच होते. खुर्चीत डुलक्या घेत होते.

तिने लिहिलं, की माझे आजोबा उंच होते. ते आमच्या घरात राहत होते. त्यांचे गुडघे दुखत होते. ते बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते आणि रविवारी फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते. ते न्यायी होते. एकदा दिलेला निर्णय त्यांनी कधीच बदलला नाही. त्यांना टीव्ही मोठ्या आवाजात लागत होता. आमचं त्यांच्यावर प्रेम होतं. एवढं लिहून झाल्यावर दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ उरली, तेव्हा तिने कान देऊन ऐकलं आणि लिहिलं, आजोबा घोरतात.

फोटो पेन्शनच्या कामासाठी काढलेला होता. त्यात आजोबा समोर कोणीतरी चूक केल्यासारखे बघत होते. मधलीने फोटोभोवती चौकट काढली. तिचे बाकीचे रंग वाळून गेले होते, काळा तेवढा चालत होता.

सरांनी वीसपैकी एकोणीस मार्क दिले. एक 'घोरतात'चा गेला. निबंध इतका आवडला की त्यांनी तो शाळेच्या फाटकाजवळच्या फलकावर लावला. मुलांना न्यायला आलेली घरची माणसं तिथेच उभी असतात, त्यांनाही वाचता यावा म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून शाळा मधलीशी फार चांगली वागू लागली. शिपायाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "धीर धर, पोरी" म्हणाला. परीक्षा जवळ आली होती, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती "हो" म्हणाली. ग्रंथालयातल्या बाईंनी उशिरा आणलेलं पुस्तक न बोलता परत घेतलं. खेळाच्या सरांनी, तुला आज पळायचं नसेल तर बस सावलीत, असं सांगितलं. मधली सावलीत बसली. शाळा सुधारते आहे, असं तिने घरी आईला सांगितलं. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून थकलेली असायची. ती म्हणाली, "चांगलं आहे."

त्या आठवड्यातच एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. मधलीने दार उघडलं. बाहेर एक आडवे, रुंद गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. त्यांचे तळहात एवढे मोठे होते की गुच्छ पुरता दिसत नव्हता.

"तू नात का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बाळ, मी तुझ्या आजोबांबरोबर कारखान्यात होतो. आमचं पुढे बोलणं राहिलं नाही. पण माणूस सरळ होता. ताठ होता, हट्टी होता, ऐकून घेणारा अजिबात नव्हता..." इथे त्यांचा पाठ केलेला भाग हातातून निसटला असावा. ते थांबले आणि पुन्हा म्हणाले, "पण सरळ होता."

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला.

गृहस्थांनी मधलीकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. आजोबा भिंतीला धरून धरून बाहेर येत होते. दाराशी येऊन ते थांबले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"भिंत," आजोबा म्हणाले.

ते त्या माणसाचं कारखान्यातलं नाव होतं. तो कारखान्याच्या संघाचा गोलकीपर होता. त्याच्यापुढे चेंडू जात नसे, म्हणून भिंत.

"तू आहेस?" भिंत म्हणाला.

"मी कुठे जाणार?"

"शाळेत लावलंय. होता म्हणून. फोटोसकट. माझा नातू तिथेच आहे, त्याने वाचून दाखवलं."

आजोबांनी मधलीकडे पाहिलं. "भूतकाळ होता," मधली म्हणाली. "गृहपाठाला."

"आणि तू फुलं घेऊन आलास?" आजोबांनी भिंतीला विचारलं.

"मी तुला माफ करून आलो होतो," भिंत रागाने म्हणाला.

"मग आता?"

"आता बघावं लागेल."

असं म्हणून त्याने फुलं मधलीच्या हातात कोंबली आणि जिना उतरून गेला. मधलीने फुलं पाण्यात ठेवली. आईने घरी आल्यावर विचारलं, ही कोणाची? आजोबा म्हणाले, "माझी."

रात्रीच्या जेवणाआधी आजोबांनी मधलीला निबंध मराठीत वाचून दाखवायला लावला. तिच्याकडे कच्चा कागद होता. ती एकेक वाक्य वाचत गेली, ते डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "चांगला माणूस होता म्हणायचा."

मग त्यांनी भिंतीचं प्रकरण सांगितलं. घरात ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

कारखान्यांच्या चषकाचा अंतिम सामना होता. बिस्किटवाले विरुद्ध काचवाले. ठरलेला पंच तापाने पडला. बिस्किटवाल्यांमध्ये पंचगिरी येणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आजोबा. काचवाले म्हणाले, हा चालेल, हा स्वतःच्या आईविरुद्ध पण शिट्टी वाजवेल. सामना बरोबरीत होता, संपत आला होता. काचवाल्यांचा एक बारकासा खेळाडू चेंडू घेऊन गोलकडे सुटला, भिंत त्याच्या पायात झेपावला, तो पडला. आजोबांनी पेनल्टी दिली. काचवाले जिंकले. भिंत म्हणाला, माझा हात त्याला लागला नाही, तो आपणहून पडला. आजोबा म्हणाले, मी पाहिलं. त्याआधी हे दोघं एका डब्यात जेवायचे. त्यानंतर नाही.

"पण लागला होता का हात?" मधलीने विचारलं.

"मी शिट्टी वाजवली ना?" आजोबा म्हणाले.

तिकडे भिंत दुसऱ्याच दिवशी शाळेत गेला आणि इंग्रजीच्या सरांना गाठून म्हणाला, की तुमच्या फलकावर खोटं लावलंय, तो माणूस जिवंत आहे, मी स्वतः फसलोय. सर पांढरे पडले. त्यांनी निबंध काढून घेतला आणि रविवारी सकाळी माफी मागायला मधलीच्या घरी आले. त्यांना वाटलं होतं, घरचे चिडलेले असतील. आत बघतात तर भिंत आधीच येऊन बसलेला.

तो फुलं परत मागायला आलो असं सांगून आला होता. फुलं एव्हाना सुकली होती. ती तुझीच, घेऊन जा, असं आजोबा म्हणाले, मग दोघांचं पेनल्टीवरून सुरू झालं, आणि आईने चहा ठेवला.

"मी आपली क्षमा मागायला आलोय," सर दारातूनच म्हणाले. "माझ्यामुळे आपल्या कुटुंबाला..."

"तुमचं वजन किती?" भिंतीने विचारलं.

सरांनी सांगितलं.

"तेवढाच होता तो," भिंत आजोबांना म्हणाला. "बारका. काडी. हवेने पडणारा."

"हवेने पडला नाही."

"चल खाली. दाखवतो."

इमारतीच्या मागे गाड्या लावायची जागा होती. रविवार असूनही निम्मी मोकळी होती. भिंतीने दोन बादल्या ठेवून गोल केला. आजोबांनी गुडघे सांभाळत, जिथे ते तेव्हा उभे होते ती जागा शोधली. ती एका मोटारीच्या आत येत होती, म्हणून ते बॉनेटला टेकून उभे राहिले. मधलीने घरातला प्लास्टिकचा चेंडू आणला. सरांना चेंडू घेऊन पळत यायला सांगितलं.

"मी खेळात फारसा..." सर म्हणाले.

"तोही नव्हता," भिंत म्हणाला.

सर पळत आले. भिंत वयाप्रमाणे झेपावला, म्हणजे आधी वाकला, मग गुडघ्यावर आला, मग हात पुढे टाकला. हात सरांना लागायच्या आत सर चेंडूला अडखळून पडले. पँट गुडघ्यावर फाटली.

"बघ!" भिंत जमिनीवरून ओरडला. "लागला? लागला हात?"

"लागला," आजोबा म्हणाले.

"सर, लागला का?"

"खरं सांगायचं तर नाही," सर गुडघा धरून म्हणाले.

"इथून लागलेला दिसला," आजोबा म्हणाले. "विश्वास नसेल तर इथे येऊन बघ."

मग पुन्हा सगळं झालं. या वेळी भिंत मोटारीशी उभा राहिला आणि गोलात मधली झेपावली. सर शहाणे झाले होते, सावकाश पळाले आणि सावकाश पडले. मधलीने त्यांना बोटही लावलं नाही.

भिंत म्हणाला, "इथून लागल्यासारखं दिसतं."

"मग?"

"लागला नव्हता."

"मी कुठे म्हणतोय लागला होता? मी म्हणतोय, दिसला."

हे आजोबा पहिल्यांदाच बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी मान फिरवून बादल्यांकडे पाहिलं.

भिंत त्यांच्या शेजारी मोटारीला टेकला. "पेनल्टीचं मी केव्हाच सोडून दिलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"ही गेली तेव्हा तू आला नाहीस."

भिंतीची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली होती. आजोबांना ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. कारखान्यातलं कोणीतरी येऊन सांगून गेलं होतं.

"मी कपडे घातले होते," आजोबा म्हणाले. "जिन्यापर्यंत आलो होतो. म्हटलं, तू दारातून हाकलशील."

"हाकललं असतं."

"मग?"

"तरी यायला पाहिजे होतंस."

आजोबांनी मान हलवली. सर एका बादलीवर बसले होते. मधली वरून आयोडीन आणि कापूस घेऊन आली. सर म्हणाले, मीच लावून घेतो. मग त्यांनी हळूच विचारलं, घरून तक्रार तर नाही ना येणार? कारण आणखी दोन घरांतून आली होती. एका मुलाने वडिलांवर लिहिलं होतं आणि वडिलांच्या ऑफिसातून फोन आला होता.

"तक्रार कसली?" आजोबा लांबूनच म्हणाले. "एक मार्क उगाच कापलात तेवढं सोडलं तर."

सरांनी जाता जाता सोमवारसाठी संवादलेखन दिलं आहे, त्याची मधलीला आठवण करून दिली. भिंत चहा न घेता गेला. बोलणं पुन्हा बंद पडलं की सुरू झालं, हे कोणालाच नीट कळलं नाही.

पुढचे काही दिवस आजोबा टीव्ही बारीक आवाजात लावू लागले. आईला वाटलं, तब्येत बरी नाही. मग एका दुपारी मधली शाळेतून आली, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून बसले होते. "चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "जिने आहेत तिथे."

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होते. मधलीने एकदा विचारलं, काय म्हणताय? ते म्हणाले, काही नाही. वाटेत त्यांनी फुलांचं दुकान पाहिलं, थांबले, आणि कोणती न्यावीत ते न कळून पुढे निघाले.

भिंतीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आजोबा प्रत्येक मजल्यावर थांबले. बेल मधलीने वाजवली. दार भिंतीनेच उघडलं. घरच्या बनियनवर होता, हातात भाजी चिरायची सुरी होती. मागे खोलीत एका हसऱ्या बाईंचा फोटो लावलेला होता. काच स्वच्छ पुसलेली होती.

आजोबा धापा टाकत उभे होते. पाठ केलेलं सगळं कुठे गेलं देव जाणे. ते म्हणाले, "वहिनींचं कळलं."

भिंतीने सुरी खाली ठेवली. हात बनियनला पुसले.

"हो," तो म्हणाला. "फार अचानक झालं. सकाळी चांगली बोलत होती." मग दारातून बाजूला होत म्हणाला, "ये. आत ये. बस."