कोरड्या विहिरीचं संगीत

"अरारारा, मशीन गेलं!" ओरडत कडूबानं खस्सकन वायर उपटली. रंगीत तालीम जागच्या जागी थांबली.

"मशीनला काय बी नाय झालं, कडूबाभाऊ," मेहरुन्निसा म्हणाली. "ते माझं संगीत हाय."

कडूबा लाऊडस्पीकरवाला. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! एकाहत्तर साली उभ्या औरंगाबादेत असलं संगीत ऐकलं होतं कुणी? छावणीत नवऱ्यामागं रेडिओ दुरुस्तीचं दुकान एकटीनं चालवणारी ही बाई. रेडिओच्या दोन स्टेशनांच्या मधली शिट्टी आणि कोरड्या विहिरीच्या दगडाला घासणारी घागर तिनं टेपवर घेतली. फीत ब्लेडनं कापली, तुकडे कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगले, एकेक जोडले, मंद वेगात वाजवले. पाच महिने हाच उद्योग! बाईचं डोकं फिरलं, असं शेजारीपाजारी म्हणायचे. फिरलं तर फिरलं.

नाटक होतं विहिरीत पोर गमावलेल्या आईचं. ते बसवणारे नानासाहेब मास्तर चरकले. "बाई, उद्या स्पर्धा आहे. परीक्षकांना बिघाडच वाटंल. पेटी ठेवू या."

"मास्तर, पेटी रडती. इहीर रडत नाय. उद्या बटनावर माझा हात ऱ्हाईल. बंद करायचं तर आधी हात तोडा."

दुसऱ्या दिवशी आवाज सुरू होताच मागून कुणीतरी खेकसलं, "बंद करा ते!" नानासाहेबांनी विंगेतून हातवारे केले. ही जागची हलली नाही. मग ओरडणारेच गप झाले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तोंडात पदर कोंबून बसली. चार मिनिटांची फीत शेवटपर्यंत वाजली. नवरा गेल्यापासून मेहरुन्निसाच्या जिवाला इतकं सुख कधी लागलं नव्हतं.

निकाल लागला. बक्षीस नाही. परीक्षकांच्या गुणांच्या कागदावर 'संगीत' या शब्दापुढं लिहिलं होतं: नव्हते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा परीक्षकांच्या टेबलाशी गेली.

"साहेब, शून्य द्या. तक्रार नाय. पन नव्हतं असं लिहू नका."

"अहो, पण वाद्य कुठं होतं? वाजवत कोण होतं?"

"मी."

परीक्षकांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "नाव?"

"मेहरुन्निसा."

त्यांनी 'नव्हते' खोडलं, नाव लिहिलं आणि पुढं शून्य घातलं. तिनं ते दोनदा वाचलं, मान डोलावली आणि टेपरेकॉर्डर उचलून घराकडं चालू लागली.